स्नोमोबाइलचा अपघात : मोडलेला पाय दिसतो, बाकीचं दिसत नाही

घसरगुंडी (धागाकर्ता)

नऊ आठवडे झाले, उजवा पाय उशीवर आणि लॅपटॉप पोटावर, असा मुक्काम आहे. हात आणि तोंड शाबूत असल्यामुळे धागा काढतोय.

आम्ही चौघे, यंत्रं तीन: पुढे दोन स्की, मागे पट्टा, वर मोटरसायकलसारखी बैठक. दिवस कलला होता, आभाळ भरलेलं होतं. अशा उजेडात बर्फावर सावलीच पडत नाही. खड्डा काय, उंचवटा काय, सगळं सारखंच पांढरं. मी आखलेल्या वाटेच्या जेमतेम दोन मीटर बाहेर गेलो असेन. तिथे बर्फाखाली झाडाचा बुंधा दबा धरून बसलेला. डावी स्की त्याच्यावर चढली, यंत्र उजवीकडे कलंडलं, मी फेकला गेलो खरा, पण उजवं पाऊल पाय ठेवायच्या पट्टीतच अडकून राहिलं. धड एकीकडे, पाऊल दुसरीकडे, मध्ये गुडघा. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. नशीब एवढंच की जॅकेटला अडकवलेली दोरी सुटली आणि इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं.

एक मित्र वाटेवर मागे जाऊन दिवा हलवत उभा राहिला. दुसऱ्याने उपग्रहावरून संदेश पाठवला, कारण फोनला रेंज नव्हती. तिसऱ्याने माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. मान हलवू नकोस म्हणाला, नाव-वार विचारला, गळ्यापासून खाली चाचपत आला, आणि मग काय तर माझ्या पाठीखाली फोमची चटई सरकवायला लागला. त्या वेळी मी त्याला जे बोललो ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील.

रुग्णालयात पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. अंगाचं तापमान भरलं ३४.८. चटई, ताडपत्री, दोन जॅकेटं असूनही. तिथले डॉक्टर म्हणाले, "पाय कुठे पळून जात नाही, आधी तुम्हाला गरम करू." नडगीच्या वरच्या टोकाचा चुरा झाला होता. त्याच रात्री बाहेरून सळ्यांचा सांगाडा बसवला आणि प्लेट टाकली थेट बाराव्या दिवशी.

आता रिकामा वेळ भरपूर आहे आणि डोक्यात प्रश्न आहेत. या यंत्रावर नेमक्या कसल्या इजा होतात? मदत येईपर्यंत सोबत्यांनी काय करावं, काय करू नये? इथे डॉक्टर मंडळी आहेत, बर्फातली बचावाची कामं करणारेही आहेत. लिहा.

शंकासुर

लवकर बरे व्हा. पण एक बाळबोध शंका. बर्फ मऊ ना? पडलं तरी गादीवर पडल्यासारखंच की. आणि ही मोटरसायकलच, चाकांऐवजी पट्टा. मग हिच्या जखमा वेगळ्या कशाने?

आडवाट

बर्फ मऊ असतो हो. बर्फाखालचं आणि बर्फाशेजारचं मऊ नसतं.

मी बारा हिवाळे बचाव पथकात स्वयंसेवक आहे. आम्ही उचललेली माणसं आपटलेली असतात ती झाडावर, खडकावर, कुंपणाच्या तारेवर, समोरून येणाऱ्या दुसऱ्या स्नोमोबाइलवर, किंवा पुलाच्या कठड्यावर. यंत्राचं वजन दोनशे ते तीनशे किलो. जोरकस मॉडेल ताशी १५० च्या पुढे सहज जातं. सीटबेल्ट नाही, पिंजरा नाही, एअरबॅग नाही. मोटरसायकलवाला पडला की गाडीपासून सुटून घसरत तरी जातो. इथे उतारावर यंत्रच मागून गडगडत अंगावर येतं.

रात्रीचं एक साधं गणित करा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकला बोट लागेपर्यंत दीड सेकंद धरा: ३३ मीटर गेले. दिव्याचा उपयोगी झोत असतो साधारण ६० मीटरचा. उरले २७. तेवढ्यात ते धूड बर्फावर थांबत नाही. म्हणजे दिव्यात दिसलेल्या वस्तूला तुम्ही धडकणार हे ती दिसायच्या आधीच ठरलेलं असतं. यात दारू घाला. आमच्या रात्रीच्या फेऱ्यांमध्ये तिचा वास फार वेळा येतो, एवढंच म्हणतो.

अवांतर: या यंत्राची जन्मकथाच दवाखान्याच्या वाटेवरची आहे. क्वेबेकमधल्या वाल्कूरचा मेकॅनिक जोसेफ-आर्माँ बाँबार्डिए. १९३४ च्या जानेवारीत त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात अपेंडिक्स फुटून पू पसरला. रस्ते बर्फाने बुजलेले, रुग्णालय दूर, न्यायला वाहन नाही. मूल गेलं. बाप आधीपासूनच बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या खटपटीत होता. १९३७ मध्ये त्याला पट्टा आणि दातेरी चाकाच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि सात माणसं बसतील अशी बी-७ गाडी विकायला आली. पुढच्या मोठ्या गाड्या रुग्णवाहिका म्हणून, टपालासाठी, शाळेच्या मुलांसाठी धावल्या. आज आपण चालवतो तसली हलकी 'स्की-डू' १९५९ ची.

शंकासुर

म्हणजे रुग्णालयात पोचवायला काढलेलं वाहन शेवटी आपलं काम चोख बजावतंय म्हणायचं.

अस्थिपंजर

शंकासुर 😀

हाडांचा डॉक्टर आहे, म्हणून हाडांपुरतं लिहितो.

बसण्याची पद्धत बघा. पाय दोन्ही बाजूंना पट्टीवर, गुडघे वाकलेले, पुढे यंत्राचं कवच, हातात हँडल. समोरून धडक बसली की गुडघे कवचावर आपटतात. त्यात गुडघ्याची वाटी फुटते, मांडीचं हाड मोडतं, आणि तोच धक्का वर गेला तर खुब्याचा सांधा मागे निखळतो. बाजूने कलंडलं की पाय यंत्राखाली किंवा यंत्र आणि झाड यांच्यामध्ये. तिथे नडगी मोडते. तोल सावरायला पाय बाहेर टाकायची खोड ज्यांना असते त्यांचे घोटे आणि गुडघ्याचे बंध जातात. हातांचं म्हणाल तर मनगट, गळपट्टीचं हाड आणि निखळलेला खांदा.

घसरगुंडींना झालं ते नडगीच्या वरच्या पठाराचं फ्रॅक्चर. मांडीच्या हाडाची गोल टोकं त्या सपाट पृष्ठभागावर घणासारखी बसतात आणि पठार खचतं. गुडघ्याचा अर्धा सांधाच तो, त्यामुळे नुसतं हाड जुळून भागत नाही; पृष्ठभाग पुन्हा सपाट करावा लागतो, नाहीतर काही वर्षांत सांधा झिजतो.

या भागात तीन गोष्टी हातून सुटतात आणि तिन्ही महागात पडतात.

एक, गुडघ्यामागची धमनी. गुडघा जोरात निखळून जागेवरच आपोआप परत बसलेला असू शकतो. एक्स-रे चांगला दिसतो आणि आतली रक्तवाहिनी फाटलेली किंवा आतून सोललेली असते. म्हणून घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढतात. ०.९ च्या खाली आलं की रक्तवाहिन्यांचा सीटी. थंडीने दोन्ही पाय गार असतात, त्यामुळे "पाय गार लागतोय" या खुणेवर इथे विसंबता येत नाही.

दोन, पोटरीतला दाब. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या पडद्यांच्या कप्प्यांत असतात. आत रक्तस्राव आणि सूज वाढली की दाब इतका चढतो की स्नायूंचा रक्तपुरवठा बंद. खूण एकच लक्षात ठेवा: मोडलेल्या हाडाला शोभणार नाही इतकी वेदना, आणि पायाची बोटं कुणी दुसऱ्याने हळूच ताणली तरी पेशंट किंचाळतो. नाडी शेवटपर्यंत लागू शकते, म्हणून "नाडी आहे ना, मग ठीक" हे चूक. साधारण सहा तासांच्या आत ते पडदे उघडले नाहीत तर स्नायू मरतात. बर्फातून यायलाच तीन तास गेले असतील तर उरले किती, बघा.

तीन, उघडी जखम. हाड बाहेर डोकावलेलं असो की वर नुसतं नखाएवढं भोक. अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात गेलं पाहिजे, धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. बर्फ पांढरा दिसतो म्हणून कुणी त्याने जखम धुऊ नये.

घसरगुंडी

डॉक्टर, बारा दिवस थांबायचं कारण काय? घरच्यांना वाटत होतं की रुग्णालय टाळाटाळ करतंय. मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

अस्थिपंजर

सूज. चुरा झालेल्या गुडघ्यावरची कातडी पहिल्या आठवड्यात ताणून चकचकीत होते, फोड येतात. त्या कातडीवर चीर दिली तर टाके धरत नाहीत, जखम उसवते, जंतुसंसर्ग प्लेटपर्यंत जातो. बाहेरचा सांगाडा लांबी आणि सरळपणा राखतो आणि आपण वाट बघतो. कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसायला लागल्या की आमची वेळ झाली. तुमच्या सर्जनने घाई केली नाही हे उत्तम केलं. सांगितलं नाही, ते मात्र चुकलं.

भुलाबाई

मी भूल देणारी. आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा सगळे पायाकडे बोट दाखवत असतात. मी आधी गळ्याकडे बघते.

तार किंवा साखळी. वाट बंद आहे हे सांगायला कुणीतरी दोन खांबांमध्ये बांधते, संध्याकाळी ती दिसत नाही, आणि बसलेल्या माणसाच्या नेमक्या गळ्याच्या उंचीला येते. हेल्मेट वर, जॅकेट खाली, मधली चार बोटं उघडी. स्वरयंत्र चिरडतं, क्वचित श्वासनलिका तुटून आत ओढली जाते. बाहेरून कधीकधी नुसता लाल ओरखडा. आवाज घोगरा झालाय? थुंकीत रक्त? गळ्याच्या कातडीला हात लावला की खाली कुरकुर लागते? श्वास आत घेताना शिट्टी? यातलं एकही असेल तर त्याला आडवं पाडायची जबरदस्ती करू नका. पुढे वाकून बसला तर त्याला श्वास मिळतोय म्हणूनच तो तसा बसलाय. आडवा केलात की संपलं. आम्हीसुद्धा तिथे घाईने नळी सारत नाही. आंधळेपणाने सारलेली नळी अर्धवट तुटलेली श्वासनलिका पूर्ण तोडू शकते. दुर्बिणीने बघत, नाहीतर थेट खालच्या बाजूने गळ्यात भोक पाडून.

आणि यातून सुखरूप वाटणारा माणूस घरी सोडताना दहादा विचार करावा. तारेच्या झटक्याने मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर सुटतं. तिथे गुठळी होते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, चांगला बोलत बसलेला तरुण अर्धांगवायूने कोसळतो. म्हणून गळ्याला तार लागलेल्या प्रत्येकाचा मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी, लक्षण असो वा नसो. वेळेत सापडलं तर बऱ्याचदा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर भागतं.

आता थंडी. घसरगुंडी, तुमच्या मित्राने चटई आधी का घातली ते सांगते. रक्त गोठवणारी प्रथिनं आणि पेशी ३७ अंशांना काम करण्यासाठी बनलेल्या आहेत. ३४ च्या खाली त्या आळशी होतात. रक्त वाहिलं की अंग थंड पडतं, थंड पडलं की रक्त थांबत नाही, पुरवठा तुटला की शरीरात आम्ल साठतं, आम्लाने गोठणं आणखी बिघडतं. हे दुष्टचक्र ट्रॉमाच्या प्रत्येक खोलीत शिकवतात. गंमत म्हणजे प्रयोगशाळेतलं यंत्र रक्ताचा नमुना ३७ ला तापवून तपासतं, त्यामुळे कागदावर गोठण्याची वेळ छान येते आणि टेबलावरच्या पेशंटचं रक्त मात्र वाहतच असतं. बर्फावर झोपलेला माणूस उष्णता घालवतो ती जास्त करून खालून. वरून चार जॅकेटं टाकली आणि खाली काही नाही, तर उपयोग अर्धासुद्धा नाही.

त्याने कदाचित तुमचा पाय वाचवला नसेल. पण तुम्ही ३४.८ वर पोचलात, ३२ वर नाही.

शंकासुर

भुलाबाई, अंगावर काटा आला. ओले कपडे लगेच काढायचे ना मग?

आडवाट

आडोसा असेल तर कापून काढा. वाऱ्यात उघडा करून काढू नका. ओल्या कपड्यांसकट प्लॅस्टिकच्या चादरीत घट्ट गुंडाळा, म्हणजे पाणी उडून जात नाही, त्यावर झोपायची पिशवी, सगळ्यात बाहेर ताडपत्री. गरम पुड्या काखेत, छातीवर, पाठीला, पण थेट कातडीवर नाही. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. हातपाय चोळायचे नाहीत. उभं करून चालवायचं नाही. माणूस कुडकुडतोय तोवर बरं आहे. कुडकुडणं थांबलं, बोलणं जडावलं, की त्याला अंड्यासारखा हाताळा. २८ च्या खाली गेलेलं हृदय एका हिसक्याने लय सोडतं.

आणि बोटावर लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गार बोटावर काहीही दाखवतं. त्यावर भांडत बसू नका.

भुलाबाई

+१. सलाइनही. गोठलेली बाटली घेऊन कुणी आलं की मला रडावं की हसावं कळत नाही. आत, स्वतःच्या अंगाला लावून ठेवा. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाचं नाव ऐकलं असेल. २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतले वीस हजारांहून जास्त जखमी होते. रक्तस्रावाने होणारे मृत्यू त्याने कमी झाले, पण द्यायचं तर तीन तासांच्या आत. उशिरा दिलं तर उलट नुकसान दिसलं. दोन तास चाळीस मिनिटांनी पोचणाऱ्याचं गणित म्हणून पथकानेच सोबत नेलं तर बसतं.

तळ्याकाठी

इथे सगळे झाडाला धडकलेत. मी पाण्यात गेलेय, म्हणून लिहितेय.

तळं गोठलेलं, आदल्या दिवशी त्याच वाटेने आम्ही गेलो होतो. ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे खालून पाणी हलत असतं आणि बर्फ पातळ राहतो, हे माहीत होतं. माहीत असणं आणि आठवणं यात फरक आहे. मागचा भाग बसला, आणि मी छातीपर्यंत आत. पहिल्यांदा श्वासच माझा राहिला नाही. हा-हा-हा, आपोआप. त्या वेळी डोकं पाण्याखाली असतं तर संपले असते.

मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी यासाठी एक-दहा-एक असा हिशेब सांगितला आहे. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. दहा मिनिटं हातपाय कामाचे. एक तास थंडीने शुद्ध जायला. म्हणजे गारठून मरायला लोक समजतात त्यापेक्षा खूप वेळ असतो; माणसं मरतात ती पहिल्या मिनिटात घाबरून पाणी गिळल्याने, नाहीतर दहा मिनिटांनी हात चालेनासे झाल्याने. मी ज्या बाजूने आले त्याच बाजूला वळले, कारण तिथला बर्फ मला पेलून राहिला होता. कोपरं काठावर, पाय मागे आडवे करून पोहल्यासारखे मारले, पोटावर सरपटत बाहेर. उभी राहिले नाही, लोळत लांब गेले. तरंगणारा सूट अंगात होता, तो नसता तर हे लिहायला कोण असतं. बर्फात रोवून स्वतःला ओढून घ्यायच्या खिळ्यांच्या मुठी गळ्यात होत्या, वापरायचं सुचलंही नाही.

शंकासुर

किती जाड बर्फ चालतो?

तळ्याकाठी

मिनेसोटाच्या जुन्या तक्त्यात स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, म्हणजे १३ ते १८ सेंटिमीटर.

आडवाट

असहमत. कॅनडाच्या रेड क्रॉसचा आकडा २५ सेंटिमीटर आहे आणि आमचं पथक तोच पाळतं. शिवाय दोन्ही आकडे स्वच्छ, निळसर, कठीण बर्फाचे. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा. आणि तळ्यावर एका ठिकाणी भोक पाडून मोजलेली जाडी त्या भोकापुरती खरी असते. तुमचा ओढा आठवा.

तळ्याकाठी

मान्य. मोजलं तेव्हा ३० होतं. चाळीस पावलांवर.

अस्थिपंजर

बुडालेल्यांबद्दल एक भर. गारठून हृदय थांबलेल्या माणसाला जागेवर मृत म्हणायची घाई करू नये. नॉर्वेत १९९९ मध्ये अ‍ॅना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यात बर्फाखाली अडकली. ८० मिनिटं. तापमान उतरलं होतं १३.७ वर. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात रक्त शरीराबाहेर फिरवून, गरम करून परत देत तिला वाचवलं, आणि ती पुढे डॉक्टर म्हणूनच कामावर गेली. पण मेख आहे: बर्फाखाली तिला हवेची पोकळी मिळाली होती, त्यामुळे आधी शरीर थंड झालं आणि मग हृदय थांबलं. आधी गुदमरून मग थंड झालेल्याच्या वाट्याला हे सहसा येत नाही. डोंगरात हिमस्खलनाखाली गाडल्या गेलेल्या चालकांचं तसंच होतं. तिथे पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी, आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. सोबत्याकडे शोधयंत्र, काठी आणि फावडं असेल तर येतो तो सोबतीच.

पाठीराखा

मणक्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. फिजिओ आहे.

उंचवट्यावरून उडी, आणि खाली पलीकडचा उतार मिळण्याऐवजी सपाट जमीन. बसून उतरलात तर सगळा धक्का ढुंगणातून थेट वर, आणि छातीचा शेवटचा मणका नि कमरेचा पहिला इथे येऊन थांबतो. मणका समोरून चेपतो, जोर जास्त असेल तर सगळ्या बाजूंनी फुटतो आणि तुकडा मज्जारज्जूकडे सरकतो. उभं राहून, गुडघे सैल ठेवून उतरायचं ते यासाठी.

वाईट हे की चेपलेल्या मणक्याचा माणूस बऱ्याचदा स्वतः उठतो, "पाठ धरली" म्हणतो, आणि उरलेले तीस किलोमीटर चालवत परत येतो. पाठीत मधोमध दाबल्यावर दुखतंय का, पायात मुंग्या आहेत का, लघवी होतेय का, बसायच्या जागेची कातडी बधिर आहे का, एवढं विचारा. शेवटचं विचारायला लाजू नका. त्याचं उत्तर "हो" आलं तर शस्त्रक्रिया तासांच्या हिशेबात होते.

कडक फळीवर बांधून तासन्‌तास आणू नये, तिने कातडीवर व्रण होतात. हवा काढून घट्ट होणारी गादी असेल तर फार बरी.

आईसाहेब

मध्येच विचारते. मुलगा तेरा वर्षांचा, उंच आहे, मोकळ्या मैदानावर चालवू द्या म्हणून मागे लागलाय.

अस्थिपंजर

नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की सोळाच्या आत चालवू देऊ नये आणि सहाच्या आतल्यांना मागेही बसवू नये. उंचीचा प्रश्न नाही. अडीचशे किलो कलंडायला लागल्यावर सोडून दूर उडी मारायची, की सावरायला पाय टाकायचा, हा निर्णय अर्ध्या सेकंदात घ्यावा लागतो.

आडवाट

आणि दोरीने मागे बांधलेल्या घसरगाडीत बसवून ओढणं हे त्याहून वाईट. पुढचा थांबतो, मागची गाडी थांबत नाही. वळणावर ती बाहेर फेकली जाते आणि बाहेर झाड असतं. ओढायचंच तर कडक दांड्याने, चालण्याच्या वेगाने.

आईसाहेब

हा धागा त्यालाच वाचायला देते. (घसरगुंडी, तुम्ही धाग्याच्या नावाला जागलात.)

शंकासुर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. हेल्मेट काढायचं की नाही? मी ऐकलंय की हात लावायचा नाही.

आडवाट

लावायचा नाही. मानेचा मणका मोडलेला असेल तर तुम्ही त्याला अपंग कराल.

भुलाबाई

आडवाट, इथे मी अडून बसणार. बेशुद्ध आहे, घोरतोय, उलटी होतेय, आणि तोंड पूर्ण झाकलेल्या हेल्मेटमध्ये आहे. मान जपत बसलात तर माणूस चार मिनिटांत गुदमरून जाईल. शुद्धीत आहे, बोलतोय, श्वास मोकळा आहे: काच वर करा, हेल्मेट राहू द्या. श्वासाला अडथळा आहे: काढायचंच. दोघं लागतात. एकाने खालून एका हाताने जबडा आणि दुसऱ्या हाताने डोक्यामागचा भाग पक्का धरायचा. दुसऱ्याने पट्टा कापून, बाजू फाकवून, आधी नाकावरून सोडवत मागे ओढायचं. निघाल्यावर डोक्याखाली घडी घाला, नाहीतर मान मागे पडते. घरी उशीवर शिकून घ्या, बर्फात पहिल्यांदा करू नका.

आडवाट

मी "काढू नका" म्हणालो ते एकट्या माणसाने ओढून काढू नये म्हणून. पण तुमचं बरोबर आहे, नियम म्हणून सांगायला माझं वाक्य धोक्याचं आहे. संपादन करत नाही, तसंच राहू दे, खाली तुमचं आहेच.

अस्थिपंजर

हँडल पोटात घुसल्याचं राहिलं. पोटावर गोल वळ उठला असेल तर पहिला सीटी चांगला आला तरी चोवीस तास नजरेखाली. आतडं आणि स्वादुपिंड उशिरा बोलतात. प्लीहा फाटली तर कधीकधी दुखतो डावा खांदा, आणि सगळे खांद्याचा एक्स-रे काढत बसतात.

पाठीराखा

हिमदंशाचंही दोन ओळींत. −२० ला ताशी ५० ने गेलात तर उघड्या कातडीला ते −३५ वाटतं. पांढरं, मेणासारखं बोट परत गोठायची शक्यता असेल तर वाटेत वितळवू नका. रुग्णालयात ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात. खोल असेल तर गुठळी विरघळवणारं औषध चोवीस तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत आयलोप्रॉस्ट या रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधालाही मान्यता मिळाली आहे. म्हणजे "उद्या दाखवू" हे बोटाच्या जिवावर येतं.

घसरगुंडी, गुडघा किती वाकतोय?

घसरगुंडी

सगळ्यांचे आभार. आज ८५ अंश. वजन टाकायची परवानगी अजून तीन आठवड्यांनी. रात्री दचकून जाग येते, तो सुक्या फांदीचा आवाज येतो. त्याबद्दलही कुणाकडे बोलायचं ते शोधतोय.

पाठीराखा

शोधाच. ८५ चांगलं आहे, ९० ला माझ्याकडून शाबासकी. जिना उतरायला १०० लागतील.

तळ्याकाठी

मला दीड वर्ष पाण्याचा आवाज येत होता. बोलल्यावर कमी झाला. व्यक्तिगत निरोप पाठवते.

आडवाट

परत बसाल तेव्हा चटई कुठे बांधणार?

घसरगुंडी

तेच त्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, त्याची सीटखालच्या कप्प्यात होती, आणि यंत्र कलंडलेलं असतं तर कप्पा उघडलाच नसता. सुदैवाने कलंडलं होतं ते माझं. आता दोघांच्याही पाठीवरच्या पिशवीला, बाहेरून.